आरोग्यविज्ञान शिक्षणातील डिजिटल कौशल्य प्रशिक्षण

आरोग्यविज्ञान शिक्षणातील डिजिटल कौशल्य प्रशिक्षण म्हणजे वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र आदी शाखांच्या विद्यार्थ्यांना हाताने करावयाची कामे संवेदक बसवलेले पुतळे, संगणकावरील आभासी प्रयोग, शरीररचनेची त्रिमितीय चित्रे आणि चित्रफिती यांच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धत होय. शिरेत सुई घालणे किंवा टाके घालणे यांसारख्या कृतींमधील पहिल्या चुका रुग्णाच्या अंगावर होऊ नयेत, हा तिचा मूळ हेतू आहे.

पार्श्वभूमी

नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये श्वास व हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्याच्या सरावासाठी ‘रेससी ॲन’ हा पुतळा तयार केला. १९६८ मध्ये मायामी विद्यापीठात हृदयविकारांची लक्षणे दाखविणारा ‘हार्वे’ पुतळा आला. आजच्या पुतळ्यांत छातीवरील दाबाची खोली व गती संवेदक मोजतात. प्रौढ रुग्णासाठी दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावयाचा असतो. हे प्रमाण नुसत्या नजरेने ठरविणे अनुभवी शिक्षकालाही अवघड जाते. पडद्यावर मात्र प्रत्येक दाबाची नोंद दिसते.

औषधशास्त्रात पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेत विकसित झालेल्या ‘एक्सफार्म’ या संगणकप्रणालीमुळे अनेक प्रयोग प्राण्यांचा वापर न करता दाखविता येतात.

बारामती आणि इंदापूर

बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेसह सुरू झाले. ते नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून त्यास पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. योगायोगाने देशभर सक्षमताधारित एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमही त्याच वर्षी लागू झाला. या अभ्यासक्रमात कृती शिक्षकाने करून दाखवणे, विद्यार्थ्याने निरीक्षण करणे, साहाय्य करणे आणि अखेरीस स्वतः करणे असे टप्पे आहेत. कौशल्य प्रयोगशाळाही आवश्यक ठरविण्यात आली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा या महाविद्यालयाची पहिली तुकडी प्रथम वर्षात होती. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापन दूरस्थ झाले. व्याख्याने मोबाइलवर ऐकता आली, तरी शवविच्छेदन आणि नाडीपरीक्षा त्या मार्गाने शिकणे शक्य नव्हते.

शेजारच्या इंदापूर तालुक्यातून पुणे–सोलापूर महामार्ग जातो. अपघातातील जखमी अशा भागात प्रथम लहान रुग्णालयात पोहोचतो आणि तेथे अनेकदा एकच डॉक्टर कामावर असतो. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबविणे ही कामे त्याला विशेषज्ञाची वाट न पाहता करावी लागतात. क्वचित वेळ येणाऱ्या, पण चूक न परवडणाऱ्या अशाच कृतींसाठी पुतळ्यावरील पुनःपुन्हा केलेला सराव सर्वांत मोलाचा ठरतो.

मर्यादा

पुतळ्याची शीर ठरलेल्या जागीच सापडते. जुलाबाने कोरड्या पडलेल्या बालकाची किंवा वृद्धाची शीर तशी सापडत नाही. चित्रफितीमुळे क्रम लक्षात राहतो, पण हाताला अंदाज येत नाही. भाषेचा प्रश्नही आहे. सरावाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत असते. रुग्ण मात्र ‘कणकण वाटते’, ‘छातीत कळ येते’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ असे सांगतो. त्याचे ऐकून नेमका पुढचा प्रश्न विचारणे हेही कौशल्यच असून ते वाॅर्डात, रुग्णाच्या खाटेशी बसूनच शिकावे लागते.