ज्याला बोलावलं तो आला नाही

बैलबाजारात किंमत तोंडाने बोलायची नसते, अशी जुनी रीत आहे. दात पाहायचे, चार पावलं चालवून पाहायचं आणि मग रुमालाखाली हात घालून बोटांनी बोटं दाबायची. काष्टीचा शनिवारचा बाजार बैलांसाठी नावाजलेला, त्यामुळे किंमत ठरवण्यात इकडची माणसं तरबेज. सरकारलाही ही हौस आहे. फक्त त्याच्या रुमालाला राजपत्र म्हणतात.

१९७९ साली या रुमालाखाली माळढोकाचा सौदा झाला. माळढोक म्हणजे दहा-पंधरा किलो वजनाचा, उंच मानेचा, माळावरून गावच्या पाटलासारखा चालणारा पक्षी. त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर (आताचं अहिल्यानगर) या जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. आमच्या बाजूचे कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे हे तालुके त्यात आले. रात्री शेतकरी म्हणून झोपलेली माणसं सकाळी अभयारण्याचे रहिवासी म्हणून उठली! गावं, शाळा, एस. टी. स्टँड, सगळं अभयारण्यात. जमिनीचा व्यवहार करायचा तरी माळढोकाची आठवण काढावी लागे. माळढोक मात्र मोजकेच, आणि ते राजपत्र वाचत नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९८० साली, भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. धरण बांधलं ते शेतीसाठी, विजेसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी. पक्ष्यांना कुणी आवतण धाडलं नव्हतं. पण काष्टीहून दौंड ओलांडून भिगवणकडे गेलं, की धरणाचा फुगवटा उथळ पसरलेला दिसतो. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागलं की काठाला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात शेवाळाची आणि बारीक किड्यांची पंगत मांडलेली असते. मग काय! कच्छकडून रोहित पक्षी आले, म्हणजे आपले फ्लेमिंगो. ते चोच उलटी धरून चिखल गाळून खातात. पाहुण्याने ताटात डोकं घालून जेवावं तसं. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस आले. चित्रबलाक तर मुक्कामालाच राहिले. अर्ज नाही, शिफारस नाही, दाखला नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी आठ हजार चौरस किलोमीटर राखले तो दिसेना, आणि ज्यांचा विचारही नव्हता ते हजारांनी उतरले. यात हसण्यासारखं आहे खरं, पण पुढचं ऐका. धरणांचे कालवे आले; श्रीगोंद्याला घोडचे आणि कुकडीचे, सोलापूरकडे उजनीचे. पाण्यामागून ऊस आला, आणि माळ गेला. माळढोकाला लागतं उघडं, कोरडं गवत. उसाच्या फडात तो काय करणार? एकट्या उसावर आळ घालू नये; शिकार होती, विजेच्या ताराही होत्या. तरी जी धरणं रोहिताला घेऊन आली, त्यांच्याच कालव्यांनी माळढोकाला बाहेरची वाट दाखवली. पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आता महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते.

बाहेर पडलेली माणसंही होतीच. गावंच्या गावं पाण्याखाली गेली. दुष्काळी साली पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं, आणि लोक ते बघायला सहलीला जातात. आपल्या उठलेल्या गावाला सहलीला जाणं कसं वाटत असेल, हे उठलेल्यांनाच ठाऊक. त्याच काठावर कुंभारगावचे मासेमार आता शहरच्या मंडळींना होडीतून पक्षी दाखवतात. मंडळी सकाळी चित्रबलाकाचं कौतुक करतात आणि दुपारी चिलापीचं कालवण ओरपतात. चित्रबलाकाचाही बेत साधारण हाच असतो.

या पाण्याचा सरकारी हिशेब मोठा गमतीचा आहे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास ‘मृत साठा’. निम्म्याहून अधिक धरण कागदावर मेलेलंच! २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला होता. उणे साठ टक्के पाणी डोळ्यांना कसं दिसतं, ते इंजिनियरच जाणोत. पण सोलापूरची तहान अशा वेळी याच मेलेल्या पाण्यावर भागते, मासे त्यातच जगतात आणि बगळे त्याच काठावर उभे राहतात. शिवाय पुण्याने वापरलेलं पाणी मुळामुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं. पुणेकरांनी एवढ्या उदारपणे दुसऱ्या गावाला दिलेली दुसरी वस्तू आम्हाला तरी आठवत नाही.

तेव्हा उजनीचा भाव फक्त टीएमसीत आणि उसाच्या टनांत लावणाऱ्याने बैलाचे दात न पाहताच रुमाल टाकला, असं समजावं. पाणी नासलं किंवा तळ गाठला, तर रोहिताचं फारसं अडणार नाही. पंख आहेत, तो दुसरं तळं शोधील. सोलापूरच्या नळाला पंख नाहीत.