सावधान! नाटक सुरू होत आहे

मागच्या वीकांताला मामेबहिणीच्या लग्नाला संभाजीनगरला जाऊन आलो. शुक्रवारी सकाळी पुण्याहून निघालो, नगरला चहा मारला आणि दुपारी बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर सामान टाकलं. हल्ली लग्नाला 'थीम' असते हे ऐकून होतो, पण ह्या दोघांची थीम होती जुनी संगीत रंगभूमी! दोघं कॉलेजात एकांकिकेच्या तालमीत भेटलेले, त्यामुळे शोभून दिसलं म्हणा.

लग्नपत्रिका जुन्या नाटकाच्या जाहिरातीसारखी. खाली बारीक अक्षरात 'स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय' असंही छापलेलं (गंमत म्हणून, एका काकूंनी खरंच फोन करून चौकशी केली). प्रवेशद्वाराला तिकीटखिडकीचा आकार. मुहूर्ताला घड्याळाऐवजी तिसरी घंटा. कोपऱ्यात पायपेटी. नवरीला भरजरी नऊवारी, नवऱ्याला पगडी. आणि आत शिरताना दोन्ही बाजूंना चार मोठ्या पाट्या : सौभद्र, शारदा, मानापमान, स्वयंवर.

ह्या पाट्या निवडायचं काम माझ्याकडे होतं. का? तर मी 'कॉम्प्युटरवाला'. गुगलबाबाला विचारलं, चार झोकदार नावं निवडली, फाईल पाठवून दिली. झालं काम.

संध्याकाळी आजीला गाडीतून उतरवून आत आणत होतो. आजी नव्वदीची आहे, पण चष्मा लावून दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचते. दुसऱ्या पाटीपाशी ती थांबली.

"शारदा? अरे, ह्या नाटकात तर भर मांडवात लग्न मोडतं. हे कुणी लावलं इथं?"

"मी."

"पाहिलंयस का नाटक?"

"नाही गं... गाणी ऐकलीत."

"हं," म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग आपणहून बोलायला लागली. "माझं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. निजामाचं राज्य होतं. दोनतीन वर्षांनी गावात गणपतीत शारदा बसवलं. शारदेचं काम शाळेतल्या मास्तरांनी केलं, मिशी काढून. सगळ्या बायका रडल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, बत्तीचा धूर गेला."

मला काय बोलावं ते सुचेना. रात्री सगळे मेंदी-गाण्यात असताना मी फोन घेऊन कोपऱ्यात बसलो आणि जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. आमच्या धंद्यात ह्याला 'आधी रिलीज, मग टेस्टिंग' म्हणतात. असो.

तर मंडळी, पहिली गोष्ट ही लक्षात आली की मराठी रंगभूमीची सुरुवातच एका लग्नाने झाली आहे! ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी जे पहिलं नाटक केलं ते 'सीतास्वयंवर'. (५ नोव्हेंबर म्हणूनच मराठी रंगभूमी दिन.) नाव स्वयंवर असलं तरी गोष्ट धनुष्याच्या पणाची. जो धनुष्य उचलेल त्याला सीता मिळणार. सीतेला विचारण्याचा प्रश्न कथेतच नाही.

मग १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' आलं. बलरामाने बहिणीचं, म्हणजे सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय आणि तिच्या मनात अर्जुन. आपल्या घराघरात चालणारं भांडण, फक्त माणसं महाभारतातली! इथे मुलीला स्वतःची पसंती आहे. पण पसंती तडीस नेतो कोण, तर दुसरा भाऊ कृष्ण, आणि तेही चलाखी करून. सुभद्रेच्या 'हो'ला वजन येण्यासाठी देवाला मध्ये पडावं लागतं.

आणि १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा'. इथे ना देव, ना राजे. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशांसाठी कोवळी मुलगी भुजंगनाथ ह्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. मध्ये भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल. तेव्हाचे प्रेक्षक ओळखत होते ह्या सगळ्यांना, आपल्याच गल्लीतले होते ते. आता गंमत बघा. हे लग्न मोडतं ते कशामुळे? मुलगी लहान आहे म्हणून? वर म्हातारा आहे म्हणून? मुलगी नाही म्हणते म्हणून? छे! वधू आणि वर एकाच गोत्राचे निघतात म्हणून. म्हणजे सगळी मोठमोठी कारणं पास झाली आणि एका भलत्याच व्हॅलिडेशनवर फॉर्म अडकला!

आधी मला वाटलं की देवलांनी कच खाल्ली. मग तेव्हाचा कायदा पाहिला आणि त्यांची हुशारी कळली. १८९९ साली ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीचं लग्न किमान कितव्या वर्षी व्हावं ह्याचा कायदाच नव्हता. १८९१ चा संमतिवयाचा कायदा होता, पण त्याने शरीरसंबंधासाठीचं वय दहावरून बारा केलं. लग्नाला हात लावला नाही. त्यावरूनसुद्धा केवढा गदारोळ झाला होता. त्याच्या थोडं आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न मला मान्य नाही, नांदायला जाणार नाही, असं त्या ठामपणे म्हणाल्या. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या! पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत दवाखाना चालवला. पण अशी रखमाबाई लाखात एक. मांडवात उभ्या असलेल्या गरीब शारदेला वाचवू शकेल असा एकच नियम तेव्हा सगळ्यांना मान्य होता, तो म्हणजे गोत्राचा. देवलांनी तोच वापरला. जे हत्यार हातात होतं त्याने काम केलं.

कायदा आला तीस वर्षांनी, १९२९ मध्ये. मुलीसाठी किमान वय १४, मुलासाठी १८. त्याला सगळे 'शारदा कायदा' म्हणतात आणि मी कालपर्यंत समजत होतो की तो नाटकावरून पडलेला आहे. नाही हो! तो मांडला अजमेरच्या हरबिलास सारडांनी, त्यांच्या आडनावावरून सारडा ॲक्ट. मराठी तोंडात त्याचं शारदा झालं. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव मिळणं हा आमच्याकडे बग असतो. इथे मात्र नाव अगदी चपखल बसलं. कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हटल्यावर लोकांनी काय केलं असेल? डेडलाईनच्या आधी घाईघाईने पोरांची लग्नं उरकली! माणसं तीच, तेव्हाची काय नि आताची काय.

पण आजीला ह्या कायद्याचा उपयोग नव्हता. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा आणि औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ते संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. आजीचं लग्न त्याच्या आदल्या वर्षीचं. नकाशावरची एक रेघ, आणि तिच्या अलीकडे बारा वर्षांची आमची आजी.

आता चौथी पाटी. खाडिलकरांचं 'स्वयंवर', १९१६. बालगंधर्वांची रुक्मिणी. त्यांचे शालू, दागिने, चालणं-बोलणं पाहून बायका तशा नटायला लागल्या. आज आपण 'व्हिंटेज मराठी लुक' म्हणून जे मिरवतो त्यातलं बरंचसं असं एका पुरुषाने रंगमंचावर घडवलेलं आहे. पण ह्या रुक्मिणीची गोष्ट आमच्या जिल्ह्याला जुनी आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. लग्न जमावं म्हणून मुलींना त्याचं पारायण करायला सांगायची पद्धत आहे. आमच्याकडेही पोथी आहे. आणि त्या पोथीत रुक्मिणी काय करते? घरच्यांनी शिशुपाल ठरवला असताना स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावून घेते! म्हणजे चांगलं स्थळ यावं म्हणून मुलीच्या हातात जी पोथी देतात तिची नायिका भावाने ठरवलेलं स्थळ मोडते. आपल्या लोकांच्या हे कसं लक्षात येत नाही कोण जाणे. की येतं, आणि बायका गालातल्या गालात हसत वाचत असतील?

तरी रंगमंचावर बोलणारी रुक्मिणी पुरुषच होती, शारदाही पुरुषच. अपवाद होते, पण प्रतिष्ठित घरातल्या बाईने नाटकात काम करणं रुळायला १९३३ चं 'आंधळ्यांची शाळा' उजाडावं लागलं. आणि अगदी आमच्या गावापुरतं बोलायचं, तर औरंगाबादेत घडलेल्या प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ह्या जोडीचं 'चारचौघी' १९९१ मध्ये आलं. त्यात आई आणि तिच्या तीन मुली आपापल्या लग्नाचा, नात्याचा हिशेब स्वतःच्या तोंडाने मांडतात. कुणी कृष्ण येत नाही, कुणी गोत्र काढत नाही. सीतेपासून इथवर यायला १४८ वर्षं लागली.

(आणि हो, आमच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्राच्या प्रा. लक्ष्मण देशपांड्यांना विसरून कसं चालेल! 'वऱ्हाड निघालंय लंडनला' म्हणजे अख्खं वऱ्हाड, ५२ माणसं, आणि मंचावर एकटा माणूस. संभाजीनगरात नाटकाच्या थीमचं लग्न करायचं तर पहिली पाटी खरं म्हणजे त्यांची हवी होती. तीही माझी चूक.)

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात आणि परभणी जिल्ह्यात हा आकडा ४० टक्क्यांच्या वर. आम्ही त्याच बीडकडे जाणाऱ्या बायपासवर शारदाच्या पाटीशेजारी सेल्फी काढत होतो.

सकाळी उठल्याउठल्या मी बहिणीकडे गेलो. म्हटलं, ती पाटी काढून टाकतो, आजीला लागलंय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तशीच ओल्या केसांनी आजीकडे गेली.

"आजी, काढायची का पाटी?"

आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काढू नका. पण खाली लिहा, की हिला विचारलं होतं."

डेकोरेशनवाल्या पोराकडून खडू आणला. बहिणीने स्वतःच्या हाताने, मेंदी भरलेल्या बोटांनी, शारदाच्या पाटीखाली लिहिलं : 'ह्या प्रयोगात नवरीला विचारलेलं आहे.' पाहुणे वाचून हसत होते. काहींना वाटलं, नाटकातलं वाक्य असेल.

मुहूर्ताला तिसरी घंटा झाली. अंतरपाट धरायला भटजींनी मामांना बोलावलं, तर नवरी म्हणाली एक टोक आजी धरेल. आजी खुर्चीत बसूनच धरणार, म्हणून अंतरपाट एका बाजूने उतरता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'सावधान'. हा शब्द ऐकून मांडवातून पळून गेले म्हणतात ते रामदास स्वामीही इथलेच, शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. मुलगा असल्यामुळे पळता तरी आलं त्यांना. आजीने 'सावधान' ऐकलं असेल तेव्हा ती किती उंच असेल, अंतरपाटापलीकडचं तिला काही दिसलं तरी असेल का, असले विचार डोक्यात येत होते.

शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. आजीने कापडाचं टोक सोडलं आणि डोळे पुसले.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," म्हणाली. "धूर गेला."

होम अजून पेटवायचा होता.