अवजड ट्रकचा सायलेन्सर बदलताना

न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन घाट चढणाऱ्या ट्रेलरचा सायलेन्सर फुटला की लोकांना जाणवतो तो त्याचा कर्कश आवाज. चालकाच्या दृष्टीने मात्र आवाज ही गौण बाब आहे. इंजिनापासून शेवटच्या नळीपर्यंत धूर वाहून नेणाऱ्या मार्गात कोठेही फट पडली, तर तो धूर केबिनखाली साचतो आणि फरशीच्या भोकांतून आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोलच्या मानाने कमी निर्माण होत असला, तरी बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला त्यापासून धोका असतोच. अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या उत्पादनाला सक्तीचे झाले आहे. इंजिन चालू ठेवून झोपण्याचा मोह त्यामुळे वाढण्याचीच शक्यता अधिक. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे.

म्हणून फुटलेल्या भागावर पत्र्याचे ठिगळ लावून वेल्डिंग मारण्यापेक्षा तो भाग बदलणे श्रेयस्कर. बदली भाग निवडताना प्रथम नोंदणी पुस्तकातील उत्सर्जन मानक पाहावे. देशभर भारत स्टेज-४ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. एकाच मॉडेलच्या दोन मानकांच्या गाड्यांची धूरनळी वरवर सारखी दिसली, तरी आतील रचना वेगळी असते. त्यानंतर मापे घ्यावीत. नळीचे माप काही विक्रेते आतील व्यासाने सांगतात, तर काही बाहेरील. एक नळी दुसरीत सरकवून जोडायची असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. माप टेपने न घेता व्हर्नियरने घ्यावे. मूळ नळीपेक्षा अरुंद नळी बसवल्यास धुराचा उलटा दाब वाढतो, टर्बो तापतो आणि डिझेल जास्त जळते. स्वस्त नळीत वाचलेले पैसे अशा रीतीने पंपावर जातात. साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा भाग किनारपट्टीच्या दमट हवेत अधिक टिकतो.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे लवचीक नळी, अर्थात बेलो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असते आणि सायलेन्सर चेसिसला घट्ट बांधलेला असतो. या दोहोंमधील हालचाल बेलो सोसतो. नळ्यांची रेषा जुळत नाही म्हणून बेलो ताणून किंवा पिळून बसवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. असा बेलो लवकरच तडकतो. तो बदलताना इंजिनाचे माउंटिंग आणि सायलेन्सरचे ब्रॅकेट तपासले नाही, तर नव्या बेलोचीही तीच गत होते.

काम गाडी पूर्ण थंड झाल्यावरच हाती घ्यावे. सर्व भाग प्रथम सैल टांगावेत, रेषा जुळवावी आणि मग इंजिनाच्या बाजूने मागे येत बोल्ट आवळावेत. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. यू-आकाराचा क्लॅम्प नळी दाबून चेपतो व पुढच्या वेळी ती सोडवणे अवघड जाते. रुंद पट्टीचा क्लॅम्प त्याहून बरा. ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि वायरिंग यांपासून पुरेसे अंतर ठेवावे. काढलेले उष्णतारोधक पत्रे परत बसवलेच पाहिजेत. वेल्डिंग अपरिहार्य असल्यास बॅटरीची जोडणी आधी सोडवावी, अन्यथा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतो.

भारत स्टेज-६ गाड्यांत काम अधिक नाजूक होते. त्यातील जाळीदार गाळणी काजळी अडवते आणि ती जाळून स्वच्छ होताना तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. पुढील टप्प्यात ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडचे नायट्रोजन व पाण्यात रूपांतर केले जाते. येथील सांध्यातून गळती झाल्यास सेन्सरचे वाचन चुकते आणि गाडी आपोआप शक्ती कमी करते. सांध्याभोवती दिसणारे पांढरे खडे हे या गळतीचे लक्षण होय. सिलिकॉनयुक्त लेपही येथे टाळावा. गाळणी काढून तेथे रिकामी नळी बसवण्याचा सल्ला मिळाल्यास तो नाकारावा. प्रदूषण मानकांच्या उल्लंघनाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

भाग बसवल्यावर थंड इंजिन सुरू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. पहिल्या फेरीनंतर नळ्या तापून थंड झाल्या की सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात. पुढेही सांध्यापाशी काळा ओरखडा दिसू लागला, तर पुढचा मुक्काम गाठण्याआधी पॅकिंग बदलून घ्यावे.