पणजीची इगर्ज आणि तिची घंटा

पणजी शहराच्या मध्यभागीं, एका लहानशा टेकडीच्या उतारावर, एक पांढरें शुभ्र चर्च उभें आहे. त्याच्या पायाशीं दोन्ही बाजूंनीं वळत वळत वर चढणाऱ्या पायऱ्या, कठडे, त्यांवर मध्यभागीं उंच गेलेला घंटेचा सज्जा. गोव्याचें चित्र काढावयाचें म्हणजे पुष्कळदां हेंच काढलें जातें. निष्कलंक मरियेला वाहिलेलें हें पणजीच्या पॅरिशचें चर्च. गोमंतकीय लोक त्याला इगर्ज म्हणतात. ज्यानें हें चर्च केवळ रस्त्यावरून पाहिलें त्याला असें वाटावें कीं, तें एकाच वेळीं, एकाच हातानें आणि एकाच कल्पनेनें बांधलें गेलें असावें. वस्तुस्थिति तशी नाहीं. या इमारतीचीं दोन अत्यंत मोलाचीं अंगें मुळांत तिचीं नव्हेतच. एक मोडकळीस आलेल्या मठांतून आलें, दुसरें एका राजवाड्यांतून.

प्रारंभ मात्र अगदीं साधा आहे. पणजी हें त्या काळीं खाजणांनीं वेढलेलें लहानसें कोळ्यांचें गांव होतें, आणि पोर्तुगीज सत्तेची राजधानी नदीच्या वरच्या अंगास, आज ज्याला जुनें गोवें म्हणतात तेथें होती. लिस्बनहून निघालेलीं जहाजें महिनेच्या महिने समुद्र कापून मांडवीच्या मुखाशीं येत. राजधानीपर्यंत जाण्यापूर्वीं खलाशी पणजीस उतरत आणि जिवंत पोंचल्याबद्दल देवाचे आभार मानीत. १५४१ सालीं येथें प्रार्थनामंदिर होतें. १६०० च्या सुमारास तें पॅरिश झालें, आणि १६१९ सालीं तें नव्यानें बांधण्यांत आलें. समुद्राला भिऊन आलेल्या माणसांचें हें देऊळ, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे तें टेकडीवर कां, याचें उत्तर निराळें द्यावें लागत नाहीं.

बांधकाम गोव्याच्या रीतीचें आहे. दगड जांभा. हा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो, वारा लागला म्हणजे कठीण होतो. पण त्याला छिद्रें फार, आणि कोंकणचा पावसाळा त्याला सोशीत नाहीं. म्हणून वर चुन्याचा गिलावा हवा आणि त्या गिलाव्याला वरचेवर सफेती हवी. पणजीच्या चर्चचा तो डोळे दिपविणारा पांढरेपणा शोभेसाठीं आहे असें वाटतें. प्रत्यक्षांत ती छत्री आहे. जुन्या गोव्यांतील बॉम जेजूच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा १९५० च्या सुमारास खरवडून काढण्यांत आला. तेव्हांपासून उघडा पडलेला तांबडा दगड पावसांत झिजत आहे, आणि गिलावा पुन्हां चढवावा कीं नाहीं याबद्दल जाणकारांत वाद आहे. तांबडा दगड पाहण्याची आतां इतकी संवय झाली आहे कीं, तोच मूळचा असें पुष्कळांस वाटतें.

आतां घंटेकडे वळूं. जुन्या गोव्यांत ऑगस्टिनी साधूंचा मठ होता. ते साधू १५७२ सालीं गोव्यास आले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं कृपेच्या मातेचें भव्य चर्च उभारलें. त्याचा मनोरा ४६ मीटर उंच होता. १६२७ सालीं या साधूंनींच जॉर्जियाची राणी केटेवान हिच्या अस्थि इराणांतून आणून तेथें ठेवल्या. भग्नावशेषांत सांपडलेल्या एका हाडाची जनुकीय परीक्षा होऊन ती ओळख २०१३ सालीं पटली. इतकें वैभव, परंतु राजाज्ञेपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. १८३४ सालीं पोर्तुगालांत आणि १८३५ सालीं गोव्यांत धार्मिक संघ बंद करण्यांत आले. साधू गेले, मठ ओस पडला. १८४१ सालीं मनोऱ्यांतील प्रचंड घंटा उतरवून आग्वादच्या किल्ल्यावर नेण्यांत आली. पुढच्याच वर्षीं, १८४२ सालीं, चर्चचें घुमटाकार छत कोसळलें. एक वर्ष उशीर झाला असता तर घंटेचें काय झालें असतें, तें सांगावयास नको. १९३१ सालीं दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा आजही आकाशांत बोट वर केल्यासारखा उभा आहे, आणि त्यांत घंटा नाहीं.

आग्वादला ती तीस वर्षें होती. तेथील दीपगृहाशीं तिचें नांव जोडलेलें आहे. एवढ्यांत राजधानीच बदलली होती. १८४३ सालीं पणजीला, नव्या गोव्याला, राजधानीचा दर्जा मिळाला. राजधानीच्या मुख्य चर्चला साजेसा आवाज हवा, म्हणून १८७१ सालीं घंटा पणजीच्या इगर्जींत आणली. तिचें वजन सुमारें सव्वादोन हजार किलो. जुन्या गोव्याच्या सी कॅथीड्रलची सोनेरी घंटा सोडली तर गोव्यांत तिच्याहून मोठी नाहीं. असें ओझें पूर्वींच्या दर्शनी भागाला पेलणें शक्य नव्हतें. मधला भाग उंच व भक्कम करावा लागला. म्हणजे आज जें उंच मधलें शिखर पाहून इमारतीचें कौतुक केलें जातें, तें घंटेसाठीं वाढविलेलें आहे.

घंटांचे असे प्रवास महाराष्ट्राला अपरिचित नाहींत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ साल आहे; १७३९ सालीं वसई जिंकल्यानंतर मराठ्यांनीं आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ती एक. तेथें घंटा विजयाची खूण झाली. पणजीस ती अनाथ झालेल्या घरांतील मागें उरलेली वस्तु म्हणून आली. धातूचा नाद दोन्ही ठिकाणीं सारखाच.

आंत शिरलें कीं बाहेरच्या भव्यतेच्या मानानें जागा साधी वाटते. डोळा सरळ मुख्य वेदीकडे जातो. मध्यें निष्कलंक मरिया, एका बाजूच्या वेदीवर क्रुसावरील ख्रिस्त, दुसऱ्या बाजूस जपमाळेची माता. पीटर व पॉल या संतांचे संगमरवरी पुतळे. वेद्यांच्या मागें सोनेरी वर्ख दिलेलें उंच कोरीव लांकूडकाम आहे. साध्या भिंतींपुढें तें सोनें अधिकच उठून दिसतें. गोव्याच्या चर्चांतील असल्या कामावर येथील सुतार व सोनार यांचे हात फिरलेले आहेत. सोळाव्या शतकांत चर्चच्या अधिकाऱ्यांनीं हिंदु कारागिरांकडून मूर्ति व पूजेचीं उपकरणें करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, यावरून तें काम चालत असे हें उघड आहे.

दक्षिणेकडील संत फ्रान्सिस झेवियरच्या उपमंदिरांत मात्र पाहुणी वेदी आहे. पणजीच्या नदीकांठचा आदिलशाही वाडा १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयांचें निवासस्थान होता. १९१८ सालीं गव्हर्नराचें बिऱ्हाड काबोच्या राजवाड्यांत गेलें, आणि वाड्यांतील खाजगी प्रार्थनामंदिराची कोरीव वेदी उचलून इगर्जींत आणली. जी वेदी एका घरच्या माणसांनींच पाहावी अशी होती, तिच्यापुढें आतां पणजीचा कोणीही गुडघे टेकतो. वाड्यांत पुढें कचेऱ्या आल्या आणि दीर्घकाळ गोव्याची विधानसभा तेथें भरे. २००० सालीं ती पर्वरीस गेली.

८ डिसेंबर हा या चर्चच्या फेस्ताचा दिवस. त्या दिवशीं पायऱ्यांखालचा चौक दुकानांनीं भरून जातो. १३ ऑक्टोबरला फातिमाच्या मातेची मूर्ति मेणबत्त्यांच्या उजेडांत याच पायऱ्यांवरून खालीं उतरते, आणि वर घंटा वाजूं लागते.