साबणाच्या कागदावरचे गुलाब

मे महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी युक्रेनमध्ये लोक भरतकामाचा सदरा, म्हणजे विशिवांका, घालून बाहेर पडतात. चेर्निव्त्सी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २००६ साली पाडलेला हा पायंडा. त्या गर्दीत बाह्यांवर लाल-काळे गुलाब हटकून दिसतात. ही नक्षी प्राचीन असल्याचं मानणारे पुष्कळ आहेत. मला तिचं कूळ सापडलं ते साबणाच्या कारखान्यात.

आंरी ब्रोकार या फ्रेंच अत्तरवाल्यानं १८६४ मध्ये मॉस्कोत कारखाना काढला. त्याचा स्वस्त साबण खेडोपाडी गेला आणि त्यासोबत गेले फुलीच्या टाक्याचे छापील नमुने. नमुनेही त्याचे नव्हेतच. चौकटीच्या कागदावर फुलं छापून विकायचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सुरू झाला होता. म्हणजे गुलाब जर्मन, साबणवाला फ्रेंच, कारखाना मॉस्कोचा आणि बाही युक्रेनची!

त्याआधी काय होतं? पोल्ताव्हाचं पांढऱ्यावर पांढरं काम, पोडोलियातली कापडाच्या उलट्या बाजूनं धागे मोजून भरलेली नक्षी. ओलेना प्चिल्का यांनी १८७६ मध्ये कीव्हला छापलेल्या संग्रहात भौमितिक आकृत्यांचंच राज्य आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो: कोसॅक सरदारांच्या घरी आणि चर्चमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातच रेशमी फुलं भरली जात होती, तुर्की-इराणी कापडांवरून उचललेली. खरंच आहे. पण ती फुलं वळणदार, लवचिक देठांची. आपल्या गुलाबाच्या पाकळ्या दुसुतीवरच्या फुलांसारख्या पायऱ्यापायऱ्यांनी चढतात. चौकटीच्या कागदाचा ठसा तो हाच, यावर मी ठाम आहे.

लाल-काळ्याचं काय? इथे एकट्या साबणाला श्रेय देणाऱ्यांशी माझं जमत नाही. लोखंड आणि टॅनिनपासून केलेला जुना काळा रंग धागाच कुजवतो. गिरणीचा पक्क्या रंगाचा सुती धागा हाती आल्यावरच काळा रंग एवढ्या सढळपणे वापरता आला असणार. कागदानं आकार दिला, धाग्यानं रंग, असा माझा अंदाज.

शुद्धतावादी ब्रोकारला परंपरेचा मारेकरी ठरवतात. गंमत अशी, की इस्तंबूलच्या रेशमावरून आलेलं फूल त्यांना खुपत नाही. खुपतो तो वाण्याच्या दुकानातून आलेला गुलाब. दोन्ही उसनेच. एक सरदारांनी घेतला, दुसरा शेतकरणींनी, आणि शुद्धतेच्या या वादाचं मूळ मला त्या फरकातच दिसतं.