ख्रिस्तपुराण आणि एका श्रोत्याचा प्रश्न

श्रोतेहो, श्रावणात आपल्या खानदेशातल्या गावोगावी पोथी लागते. वाचणारा वाचतो, सांगणारा अर्थ सांगतो, आणि मध्येच एखादा म्हातारा विचारतो, "महाराज, हे असं का?" कॅथलिक धर्मावरचा मराठीतला पहिला मोठा ग्रंथ अशाच एका प्रश्नावर उभा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. साष्टीत राहून तो मराठी आणि कोकणी शिकला. तिथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांना मनाई केली होती. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? प्रश्न अडचणीचा खरा! त्याचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापून निघाले. ओवी मराठी, पण लिपी रोमन! पहिल्या भागात जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले.

जळगाव आणि धुळे हे जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. त्यामुळे शेजारधर्माने आपल्याकडेही प्रश्न निघतात. हे लोक मूर्ती पूजतात का? इसवी सन ७८७ च्या निकेआच्या धर्मसभेने सांगितले, की उपासना केवळ ईश्वराची. प्रतिमेला दिलेला मान ज्याची ती प्रतिमा, त्याला पोहोचतो. मग मरिया देवी आहे का? नाही. ती येशूची माता. तिला मान आहे, देवपण नाही. बायबल सर्वांचे एकच ना? नवा करार तोच. जुन्या करारात मात्र कॅथलिक सात पुस्तके अधिक मानतात; म्हणून त्यांची एकूण ७३, प्रॉटेस्टंटांची ६६.

आणि उपासना लॅटिनमध्ये का? तशी ती शतकानुशतके होती. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. म्हणजे बघा, उपासनेला लोकभाषा मिळण्याच्या साडेतीनशे वर्षे आधी कथेला मराठी ओवी मिळाली होती. उलट १६८४ साली त्याच गोव्यात सरकारी हुकूम निघाला, की तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोला. हुकूम विरला, भाषा उरली.

शिक्षकबंधूंनी हा इतिहास सांगताना पाडलेली देवळेही सांगावीत आणि रचलेल्या ओव्याही. एक सांगून दुसरे झाकले, तर मुलांना अर्धाच इतिहास कळेल. खुद्द स्टीफन्सने तो अडचणीचा प्रश्न झाकला नाही, आपल्या ग्रंथाच्या तोंडाशीच लिहून ठेवला. म्हणून तर विचारणाऱ्याचा आवाज आजही आपल्याला ऐकू येतो.