कॉलेज अर्ध्यावर सोडायचंय? आधी अर्ज द्या, मग जाणं बंद करा

वसई : बारावीचा निकाल लागला की घरात एकच घाई असते, पोराला कुठंतरी प्रवेश मिळायला हवा. फी भरली जाते, वर्ग सुरू होतात. गणपती उरकले की कुणाला कळतं की विषय झेपत नाही. कुणाला दुसऱ्या कॉलेजात नंबर लागतो. कुणाच्या घरी आजारपण येतं, कुणाला कंपनीत काम मिळतं, तर कुणा मुलीचं लग्न ठरतं. मग काय होतं? मुलगा किंवा मुलगी कॉलेजला जाणं बंद करते. कुणी कॉलेजला कळवत नाही, कुणी अर्ज देत नाही.

नुकसान इथंच होतं. कॉलेजला जाणं बंद केलं म्हणजे प्रवेश रद्द झाला असं नाही. कॉलेजच्या दप्तरी नाव तसंच राहतं, फी परत मिळायची मुदत निघून जाते, दाखला अडकतो. दोन वर्षांनी पुन्हा शिकायचं मनात आलं की जुनी कागदपत्रं आडवी येतात. म्हणून कॉलेज सोडायचंच असेल तर कागदावर सोडा. ते कसं करायचं, याची ही माहिती.

सोडण्याआधी हे तपासा

प्रत्येक वेळी कॉलेज सोडावंच लागतं असं नाही. एखाद्या विषयात नापास झालं तर एटीकेटी असते, त्यासाठी प्रवेश रद्द करायची गरज नाही. हजेरी ७५ टक्क्यांपेक्षा कमी भरली आणि कारण आजारपणाचं असेल, तर डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन वेळेत प्राचार्यांना भेटा. विषय किंवा शाखाच चुकली असेल, तर त्याच कॉलेजात बदल करता येतो का, ते सुरुवातीच्या आठवड्यांतच ऑफिसात विचारा.

नोकरीमुळं किंवा शेतीच्या कामामुळं रोज जाणं जमत नसेल, तर घरी राहून पदवी घेण्याची सोय आहे. मुंबई विद्यापीठाचं दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, ज्याला लोक अजून ‘आयडॉल’ म्हणतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही आहे. मात्र तिथले प्रवेश कधी सुरू आहेत हे आधी बघा. इकडचा प्रवेश रद्द केला आणि तिकडची तारीख निघून गेली, तर वर्ष फुकट जातं.

फी किती परत मिळते?

वसईचं अण्णासाहेब वर्तक, संत गोन्सालो गार्सिया, विरारचं विवा, पालघरचं सोनोपंत दांडेकर ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, फी परताव्याचा नियम लागू होतो. २०१८ मध्ये यूजीसीनं ठरवलेला तक्ता असा आहे. यात ‘शेवटची तारीख’ म्हणजे प्रवेशाची अधिकृत जाहीर केलेली शेवटची तारीख.

• शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला : १०० टक्के फी परत. यातून खर्चापोटी फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण ५,००० रुपयांच्या वर नाही, एवढीच रक्कम कापता येते.
• शेवटच्या तारखेआधी १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना : ९० टक्के.
• शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत : ८० टक्के.
• त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत : ५० टक्के.
• ३० दिवस उलटल्यावर : काही नाही.

समजा फी २०,००० रुपये आहे आणि प्रवेशाची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट आहे. १० ऑगस्टला अर्ज दिला तर किमान १९,००० मिळतील. २५ ऑगस्टला दिला तर १८,०००, १० सप्टेंबरला १६,००० आणि २५ सप्टेंबरला १०,०००. ऑक्टोबर उजाडला की शून्य. मुलगा ऑगस्टपासूनच घरी बसला असला तरी हिशेब अर्जाच्या तारखेवर होतो, घरी बसल्याच्या नाही.

गेल्या काही वर्षांत यूजीसी दरवर्षी वेगळी सूचना काढून याहून जास्त सवलतही देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत रद्द करणाऱ्यांना जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यायची होती. म्हणून चालू वर्षाची सूचना काय आहे, हे यूजीसीच्या वेबसाइटवर जरूर बघा.

अनामत रक्कम, म्हणजे डिपॉझिट, फीमध्ये धरली जात नाही. ती पूर्ण परत मिळायला हवी. अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा, असंही २०१८ च्या नियमात आहे.

इंजिनीअरिंग, फार्मसीवाल्यांसाठी

सीईटी सेलच्या कॅप फेरीतून प्रवेश घेतला असेल तर तिथलं वेळापत्रक चालतं. त्यात प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख दिलेली असते. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर थोडी रक्कम कापून फी परत मिळते. नंतर मात्र डिपॉझिट सोडून हातात काही येत नाही. रद्द करण्याचा अर्ज आपल्या लॉगिनमधून ऑनलाइन भरावा लागतो आणि कॉलेजातही द्यावा लागतो. एक केलं आणि दुसरं राहिलं, तर काम अर्धवट राहतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कॉलेज सोडणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही, असं तंत्रशिक्षण परिषदेचं, म्हणजे एआयसीटीईचं, सांगणं आहे. ‘चार वर्षांची फी भरा, मगच दाखला देतो’ असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा.

मूळ कागदपत्रं

दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट कॉलेजनं स्वतःकडं अडकवून ठेवायच्या नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासायचे, लगेच परत द्यायचे आणि सही केलेल्या झेरॉक्स ठेवायच्या. तुमचे मूळ कागद अजून कॉलेजात असतील तर प्रवेश रद्द करण्याच्या अर्जातच ते परत मागा.

अर्ज कसा द्यायचा?

१. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा. दोन प्रती करा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर तारखेसह आवक शिक्का आणि सही घ्या. पुढं वाद झाला तर हा शिक्काच पुरावा ठरतो.

२. लायब्ररीची पुस्तकं, प्रयोगशाळेचं सामान, हॉस्टेलची खोली यांचा हिशेब मिटवून ‘काही येणं नाही’ असा शेरा घ्या.

३. फीच्या पावत्या, ओळखपत्र आणि बँक पासबुकची झेरॉक्स जोडा. खातं विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावाचं असावं.

४. कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी, मागून घ्या. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. त्याची चौकशी त्याच फेरीत करा.

५. परत निघण्याआधी सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढा.

अर्ज इतका साधा चालतो :

‘मा. प्राचार्य यांस, मी (नाव), वर्ग ..., रोल नंबर ..., आपल्या कॉलेजातील माझा प्रवेश (कारण) या कारणामुळे आजच्या तारखेपासून रद्द करत आहे. मी भरलेली फी (रक्कम) व अनामत नियमाप्रमाणे सोबतच्या बँक खात्यात जमा करावी. माझी मूळ कागदपत्रे व कॉलेज सोडल्याचा दाखला द्यावा, ही विनंती.’ खाली तारीख, विद्यार्थ्याची सही, पालकांची सही आणि मोबाईल नंबर.

ऑफिसात अर्ज घेतला नाही तर तोच मजकूर कॉलेजच्या ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टानंही पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

झालेला अभ्यास वाया जात नाही

नवीन शैक्षणिक धोरण मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात मध्येच थांबण्याची सोय आहे. पहिलं वर्ष पूर्ण पास झालं, म्हणजे ४० ते ४४ क्रेडिट मिळाले, आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी त्याच रीतीनं डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. थांबल्यानंतर ३ वर्षांत परत येता येतं. मात्र सगळा अभ्यासक्रम ७ वर्षांच्या आत पूर्ण करावा लागतो.

हे क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. डिजिलॉकर अॅपमध्ये आपला एबीसी किंवा अपार आयडी उघडून क्रेडिट दिसतात का, ते बघा. दिसत नसतील तर कॉलेज सोडण्याआधीच परीक्षा विभागाला सांगा. नंतर पारोळ-भाताण्याहून किंवा सफाळ्याहून एवढ्यासाठी फेऱ्या मारणं परवडत नाही.

म्हणून वर्षाच्या मध्यात सोडायचा विचार असेल आणि परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर असेल, तर जमल्यास ती देऊन मग सोडा. एक सेमिस्टर पास झाली तरी तिचे क्रेडिट खात्यात राहतात.

शिष्यवृत्ती आणि कर्ज

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी कळवा. जुना अर्ज तसाच पडून राहिला तर नव्या कॉलेजातून अर्ज भरताना अडचण येऊ शकते. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत शिक्षणात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. तेव्हा ‘बघू पुढं कधीतरी’ म्हणताना हेही ध्यानात घ्या.

मुलींच्या बाबतीत घरच्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. फीचं ओझं वाटून मुलीचं नाव काढणार असाल, तर आधी ही सवलत मिळते का, ते विचारा.

शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर बँकेला त्याच आठवड्यात कळवा. हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात, या भरवशावर राहू नका. कॉलेज सुटलं की ही मुदत बदलते, व्याज मात्र चालूच असतं.

कॉलेज दाद देत नसेल तर

प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडं दाद मागता येते. यूजीसीच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवरही मोबाईलवरून तक्रार टाकता येते. शिक्का मारलेला अर्ज आणि फीच्या पावत्या तिथं जोडायच्या.

कॉलेज सोडण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरची अडचण कुणालाही येते. पण त्या अडचणीत फीचे पैसेही जायला नकोत आणि परतीची वाटही बंद व्हायला नको. एक पानाचा अर्ज, त्यावर एक शिक्का आणि ऑफिसातली एक फेरी, एवढं केलं की दोन्ही वाचतं.